दिसत नाही, कळतं

आईला आंधळी म्हटलेलं चालायचं. खोटारडी म्हटलेलं चालायचं नाही. आणि तिला पहिल्यांदा खोटारडी म्हणाले ती मीच, तिची पोटची मुलगी.

आई एकतीस वर्षं पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. दारापाशी कटिंग मशीन, मधे दोन मोठी टेबलं, अगदी शेवटी खिडकीखाली शिलाईची चौकट. छापखान्यातून छापलेले ताव यायचे. त्यांच्या घड्या घालून फर्मे करायचे, फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, मग पुठ्ठा आणि कापड चढवायचं. आई घड्या घालण्यापासून सुरुवात करून शिलाईवर आली आणि शेवटी कटिंग मशीनवर पोचली. त्या मशीनला बायकांनी हात लावायचा नाही असा तिथे न लिहिलेला नियम होता. तिने तो एका सकाळी मोडला आणि संध्याकाळपर्यंत तिच्या ढिगाच्या कडा इतरांपेक्षा सरळ आल्यामुळे पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. सगळे तिला बाइंडरबाई म्हणायचे. मालकसुद्धा.

जीभ मात्र फटकळ. एकदा एका लेखकाने जाडजूड पुस्तक एका दिवसात बांधून मागितलं. आई म्हणाली, "पुस्तक उघडल्यावर उघडं राहायला हवं ना? मग दोन दिवस द्या. नाहीतर वाचणाऱ्याला ते दोन्ही हातांनी दाबून धरावं लागेल, आणि शिव्या तुम्हाला बसतील, मला नाही."

वडील मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. मी एका कार्यालयात आलेले अर्ज तपासते. लोकांनी रकाने नीट भरलेत की नाही, हे बघण्यात माझा दिवस जातो. माझा स्वभावही हळूहळू तसाच झाला असावा. एक तर हे, नाहीतर ते. मधलं काही आलं की मला अर्ज परत करावासा वाटतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी आईला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण उजवीकडचं दिसेनासं झालं. आठ महिन्यांनी दुसरा आला, तेव्हा ती हातात खळीचा ब्रश धरून उभी होती. शेजारच्या बाईला म्हणाली, "लाइट गेले का गं?" लाइट होते.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या बाजूला बघण्याचं काम करणारा भाग असतो, तो दोन्हीकडून गेला."

"म्हणजे टपाल येतंय, पण घ्यायला घरात कोणी नाही," आई म्हणाली.

"अगदी तसंच."

पूर्ण अंधत्वाचा दाखला मिळाला, पांढरी काठी मिळाली. आईने रडारड केली नाही. तीन महिन्यांत ती घरात स्वतःचं सगळं करू लागली आणि चौथ्या महिन्यात मालकाला फोन करून म्हणाली, "शिवायला डोळे कशाला लागतात? भोकं बोटांना सापडतात." मालक भला माणूस. दाखल्याच्या आधारे अपंगांसाठीच्या नियमाने तिला कामावर ठेवता येत होतं. ती पुन्हा खिडकीखाली चौकटीपाशी बसू लागली.

आणि मग स्टुलाचा प्रकार घडला.

मी बल्ब बदलायला स्टूल घेतलं आणि ते बोळातच विसरले. आई काठी न घेता स्वयंपाकघरातून आली, स्टुलापाशी जरा डावीकडे झाली आणि पुढे गेली. ना अडखळली, ना हात लावला.

"तुला स्टूल दिसलं?"

"कुठलं स्टूल?"

"मग वळलीस कशाला?"

"वळावंसं वाटलं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मी वाटेत बादली ठेवली. तिसऱ्या दिवशी कपाटाचं दार उघडं ठेवलं. आठ दिवस मी माझ्या आईवर पाळत ठेवली. ती दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा वळसा घालून जायची. शेवटी मी मोज्यांचा गोळा करून तिच्याकडे फेकला. तिचा हात वर आला. गोळा हुकला, पण हात बरोबर बाजूला वर आला होता.

"आई, तुला दिसतंय," मी म्हणाले. "किती दिवस नाटक करणार आहेस?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटत होतं, मला वेड लागतंय. तुला सांगणारच होते. आता नाही सांगत."

चार दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. त्या चार दिवसांत मी कार्यालयातल्या एका मैत्रिणीजवळ मन मोकळं केलं. आई आंधळं असल्याचं सोंग करतेय की काय, असं मी बोलून गेले. बोलताना मला हलकं वाटलं, हे कबूल करते.

दीड महिन्याने दाखले देणाऱ्या कचेरीतून पत्र आलं. तक्रार आली आहे, फेरतपासणीला हजर व्हा. तक्रार कोणी केली ते पत्रात नव्हतं, पण माझी ती मैत्रीण कोणाजवळ काय बोलली असेल याचा मला अंदाज होता.

कचेरीतला अधिकारी चाळिशीतला, बोलायला गोड. आम्ही आत गेलो तेव्हा त्याने वाटेत मुद्दाम खुर्ची ठेवलेली होती. मला त्याने बोटाने गप्प राहायची खूण केली आणि मी गप्प राहिले. आईने काठीची घडी करून ती हातात धरली होती. ती खुर्चीला वळसा घालून टेबलापाशी आली.

"बघा!" अधिकारी म्हणाला.

"काय ठेवलं होतंत?" आईने विचारलं. "काहीतरी ठेवलं होतंत, हे तुमच्या आवाजातल्या आनंदावरून कळलं."

"खुर्ची होती, आजी."

"आजी कोणाची? मला एकच मुलगी आहे आणि तिचं लग्न झालेलं नाही."

त्याने खुर्चीचा रंग विचारला. आईला सांगता आला नाही. लाकडी की प्लॅस्टिकची? नाही सांगता आलं. मुळात ती खुर्ची आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. त्याने अर्ज पुढे सरकवला. दोन चौकोन होते. 'दिसते' आणि 'दिसत नाही'. 'दिसते'वर खूण केली तर दाखला रद्द आणि फसवणुकीचा गुन्हा. 'दिसत नाही'वर केली तर सोबतच्या जबाबावर सही: मला डोळ्यांवाटे कोणत्याही वस्तूचं कसलंही ज्ञान होत नाही.

मी अर्ज वाचून दाखवला आणि तिच्या कानात म्हणाले, "दुसऱ्यावर खूण कर आणि मोकळी हो."

"खोटं लिहून?"

"खोटं कुठे आहे? तुला दिसत नाही ना?"

"दिसत नाही. पण कसलंही ज्ञान होत नाही, हे खरं नाही. काहीतरी कळतं. मी सही करणार नाही."

"मग दिसतं असं लिहा," अधिकारी म्हणाला.

"तेही खोटं आहे."

"बाई, दोन्ही एकदम खोटं कसं असेल? एक तर दिसतं, नाहीतर नाही."

"हे कोणी ठरवलं? ज्यांना दिसतं त्यांनी?"

त्याने एका महिन्याची मुदत दिली. बसमध्ये मी तिला तक्रारीमागची गोष्ट सांगून टाकली. ती ऐकून म्हणाली, "हे मात्र मला दिसलंही नव्हतं आणि कळलंही नव्हतं." आणि घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मीच मोठ्या इस्पितळात चौकशी केली. तिथे मेंदूवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, वेंधळ्या, चष्मा सारखा शोधणाऱ्या. त्यांनी आईला अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक रेघ उमटायची, कधी उभी, कधी आडवी. आवाज काहीच नाही.

"काकू, उभी की आडवी?"

"मला काही दिसत नाही."

"माहीत आहे. अंदाजाने सांगा."

"अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. सुतभर चुकलं तर अख्खा ढीग वाया जायचा आमचा."

पण ती बोलली. उभी, आडवी, आडवी, उभी. अगदी वैतागून, उधार दिल्यासारखी उत्तरं. शंभर वेळा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला. सत्त्याऐंशी बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.

आई खुर्चीत पुढे सरकली. "परत करा," ती म्हणाली. परत केलं. चौऱ्याऐंशी.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं: डोळ्यांपासून मेंदूत जायला एकच रस्ता नसतो. हमरस्ता आईचा बंद झाला होता, पण लहानसहान गल्ल्या उघड्या होत्या. तिथून जे पोचायचं त्यावर तिचं अंग वळायचं, हात वर यायचा.

मी खुर्चीच्या मागे उभी होते. आठ दिवस मी वाटेत ठेवलेल्या वस्तू एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

मला वाटलं, सुटलो. आता पत्र घेऊन जाऊ, झालं. पण आईचं खरं भांडण इथून पुढे सुरू झालं, आणि तेही आमच्या बाजूच्या माणसांशी.

पुढच्या खेपेला तिच्या हाताखाली दोन बटणं दिली. रेघ आली की आधी उत्तर सांगायचं, मग बटण दाबायचं: 'दिसलं' किंवा 'नाही दिसलं'. आईने दोन्ही बटणांवरून हात फिरवला आणि हात मांडीवर ठेवले.

"हे त्या कचेरीतलंच आहे," ती म्हणाली. "तुम्हीही?"

डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काकू, तुम्हाला खरंच दिसत नाही. तुमच्या मेंदूला कळतं, तुम्हाला नाही. तो तुमच्या नकळत काम करतो."

"माझ्या मेंदूला कळतं आणि मला कळत नाही? मग तेव्हा मी कुठे असते? चहा प्यायला गेलेली असते?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आई हसली नाही. त्या दिवशी खोलीत आणखी एकजण होते, तत्त्वज्ञान शिकवणारे एक सर. मन आणि शरीर या विषयावर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि ते खास आईला बघायला आले होते. ते पुढे झाले.

"बाई, अनुभव हा दिव्यासारखा असतो. एक तर पेटलेला, नाहीतर विझलेला. तुमचं शरीर वळसा घालतं, पण आत दिवा नाही. तुमची केस म्हणून तर इतकी मोलाची आहे."

"शरीर माझं नाही तर कोणाचं?"

"तुमचंच, पण..."

"तुम्ही कधी पुस्तक बांधलंय, सर?"

"लिहिली आहेत तीन."

"बांधलंय का विचारलं. पुठ्ठ्याला खळ लावली की लगेच कापड चढवायचं नसतं. ओल्या खळीवर कापड सरकतं, सुरकुत्या पडतात. वाळल्यावर चढवलं तर धरत नाही. मधे एक वेळ असते. बोट लावलं तर बोटाला लागत नाही, पण सोडतही नाही. ती ओली असते की कोरडी?"

"थोडी ओली म्हणता येईल."

"म्हणून तुमची पुस्तकं दुसरा कोणीतरी बांधतो. ती थोडी ओली नसते आणि थोडी कोरडी नसते. तिला आम्ही धरलेली म्हणतो. तिची वेगळीच तऱ्हा आहे, आणि काम फक्त तीच करते. तुम्ही दोनच शब्द घेऊन आलात तर आयुष्यभर सुरकुत्याच पाडाल."

आईचा आवाज मग जरा उतरला. "मला काय होतं ते मलाही नीट सांगता येत नाही. दिसण्यासारखं ते मुळीच नाही. रंग नाही, आकार नाही. पण रिकामंही नाही. इकडे काहीतरी आहे, असं होतं. कधी होतं, कधी होत नाही. ते तुमच्या बटणांवर नाही, म्हणून मला होत नाही असं तुम्ही म्हणणार का? जिला होतं ती मी आहे. मला विचारा की."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ती बटणं उचलून खणात टाकली. "विचारते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

पुढचे तीन आठवडे आई सुट्टी काढून तिथे जात होती. तिच्याच शब्दांतून चार पायऱ्या ठरल्या: काहीच नाही. काहीतरी आहे. इकडे आहे. हलतंय. बटणं चार झाली. आई 'काहीच नाही' म्हणायची तेव्हा तिची उत्तरं जेमतेम निम्मी बरोबर यायची, 'इकडे आहे' म्हणायची तेव्हा बहुतेक सगळी. म्हणजे आपल्याला कधी कळतंय आणि कधी नाही, याचाही तिला पत्ता लागत होता. डॉक्टरीणबाईंनी तो तक्ता सरांसमोर ठेवला. सर तो दोनदा वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मी माझं ते दिव्याचं भाषण परत लिहितो." आईने विचारलं, "किती दिवस लागतील?" ते म्हणाले, "वर्ष." आई म्हणाली, "हरकत नाही. घाईचं काम टिकत नाही."

मुदतीच्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंचं चार पानी पत्र घेऊन कचेरीत गेलो. अधिकाऱ्याने ते वाचलं, खरोखर वाचलं, आणि म्हणाला, "पटलं मला. पण कॉम्प्युटर दोनातलं एकच घेतो. तुम्ही 'दिसत नाही' करा, जबाबावर सही करा, मी तक्रार मिटवतो."

मी आईकडे बघितलं. एक सही आणि सगळं संपणार होतं. महिन्याभरापूर्वी मीच तिचा हात धरून सही करायला लावली असती.

"पेन दे," आई मला म्हणाली. "आणि माझा हात कागदाच्या डाव्या कडेला ठेव."

मी ठेवला. तिने दोन्ही चौकोनांवरून, कागदभर, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: दिसत नाही. कळतं. दोन्ही खरं. खाली सही ठोकली.

"अर्ज बाद झाला," अधिकारी म्हणाला.

"अर्ज बाद करा. मला बाद करता येणार नाही. मी बाहेर बसते."

ती खरंच बाहेर बसली. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर, बंद व्हायच्या वेळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत. मला रजा नव्हती, मी सकाळी सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. तिसऱ्या दिवशी तिने मालकाकडून शिलाईची लहान चौकट आणि फर्म्यांचा गठ्ठा मागवला आणि तिथेच पुस्तकं शिवायला घेतली. दाखल्यासाठी आलेली माणसं भोवती जमू लागली. कमी ऐकू येणारा एकजण म्हणाला, त्याला आवाज येतो पण शब्द येत नाहीत, आणि अर्जावर त्यालाही दोनच चौकोन. एक बाई म्हणाली, तिचा पाय दहा पावलं चालतो, अकरावं नाही. आई शिवता शिवता प्रत्येकाला एकच सांगायची, "तसं लिहा. जागा नसेल तर जागा करून लिहा."

शिपायाने तिला उठवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मी दिसत नसलेली बाई आहे की दिसत असलेली, ते आधी साहेबांना ठरवू दे. मग कोणत्या बाईला उठवायचं ते तुला कळेल."

नवव्या दिवशी सात अर्ज चौकोन ओलांडून लिहिलेले आले. दहाव्या दिवशी अधिकाऱ्याने आम्हाला आत बोलावलं. त्याचा गोडवा संपला होता, पण आता तो जास्त बरा वाटत होता. त्याने दाखला कायम केला आणि त्यावर हाताने शेरा मारला: सोबतचे पत्रक पाहावे. पत्रक म्हणजे आईचा तोच बाद झालेला अर्ज, डॉक्टरीणबाईंच्या पत्राला टाचलेला. जबाब काढून टाकला. तक्रार मिटली.

"कॉम्प्युटरचं काय केलंत?" आईने विचारलं.

"त्याला 'इतर' म्हणून एक रकाना होता, बाई. सहा वर्षांत कोणी वापरला नव्हता. मलाही माहीत नव्हता."

सगळं तिच्या मनासारखं झालं असं नाही. कामावर परतल्यावर तिने कटिंग मशीनही मागितलं. मालक म्हणाला, "बाइंडरबाई, तुझं सगळं मान्य. पण पात्याला तुझं म्हणणं समजत नाही." आई महिनाभर भांडली आणि हरली. अजूनही ते हरणं तिला मान्य नाही. मलाही तिने एकदम माफ केलं नाही. एका रविवारी मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "तू पाळत ठेवलीस त्याचा राग गेला. मला काय होतं ते मला विचारलं नाहीस, त्याचा आहे." मी म्हणाले, "किती दिवस राहील?" ती म्हणाली, "असू दे थोडा. राग आहे म्हणून माया नाही, असं नसतं."

आता ती सहासष्ट वर्षांची आहे. आठवड्यातून तीन दिवस शिवायला जाते. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं. मोठा वर्ग होता, मागच्या रांगेत सर बसले होते. आई तासभर बोलली. बोलून झाल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सगळं समजलं," ती म्हणाली, "पण शेवटी एका शब्दात सांगायचं तर, तुम्ही आंधळ्या आहात की नाही?"

"पुढचा प्रश्न," आई म्हणाली.

वर्ग हसला. ती मुलगी बसली नाही. थोडी घुटमळली आणि म्हणाली, "बरं. मग पहिल्यांदा 'काहीतरी आहे' असं झालं, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

आईने मान तिच्या दिशेला वळवली. खुर्ची ओढून घेतली, बसली.

"भीती वाटली होती," ती म्हणाली. "आणि इतकं बरं वाटलं होतं की ते कोणाला सांगायचीही भीती वाटली. हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. वेळ आहे ना सगळ्यांना? मग ऐका."